चौदावी रेघ

सिद्धाराम ईश्वरप्पा शेटे यांनी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि त्या एकतीस वर्षांत एकही प्रयोग करून दाखवला नाही. यात त्यांचा काही दोष नव्हता. तेलगावपासून कोसभरावरच्या त्या शाळेच्या प्रयोगशाळेत एक कपाट, कपाटाला एक कुलूप, आणि त्या कुलपाची हरवलेली किल्ली, एवढंच सामान होतं. सूक्ष्मदर्शक द्या, असा अर्ज सर दर जूनमध्ये करायचे. एकतीस अर्ज झाले. सूक्ष्मदर्शक काही आला नाही. मग सर फळ्यावर खडूनं परीक्षानळी काढायचे, तिच्याखाली जाळ काढायचे, वर वाफ काढायचे आणि वर्गाला विचारायचे, "दिसली का वाफ?" पोरं एका सुरात म्हणायची, "दिसली सर." झाला प्रयोग.

माणूस मात्र नेक. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, खिशात दोन पेन, बुडाखाली लुना. घरचं किराणा दुकान धाकट्या भावाच्या, रुद्रेशच्या हवाली करून हे मास्तरकीत शिरले होते, कारण दुकानात बसलं की गिऱ्हाइकाला मीठ का विरघळतं ते समजावून सांगायचे आणि मागं रांग लागायची. रस्त्याच्या कडेला चार एकर रान होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांनी त्या रानात बोअर घेतला. तीनशे दहा फुटांवर पाणी लागलं, तेही असं की शेजारचे लोक बघायला आले. सरांनी पेढे वाटले. दानम्मा म्हणजे सरांच्या मंडळी. त्यांनी मोसंबीची दोनशे झाडं लावली आणि त्या झाडांना पोटच्या पोरीसारखं जपलं.

अशात दोन हजार सालच्या दिवाळीनंतर पुण्याच्या एका संस्थेची गाडी शाळेच्या मैदानात येऊन थांबली आणि तिच्यातून दहा कॉम्प्युटर उतरले. बरोबर राजनंदिनी मॅडम म्हणून एक बाई होत्या. त्यांनी स्टाफरूममध्ये सगळं उलगडून सांगितलं. परीक्षेत आता प्रश्न नाहीत. पडद्यावर नुसते शब्द येणार, चौकटी-चौकटीत. ढग, पाऊस, नदी, विहीर, असे. मुलानं ज्या दोन शब्दांत नातं वाटेल त्यांच्यामध्ये माउसनं रेघ ओढायची आणि रेघेवर यादीतला एक शब्द ठेवायचा. देतो, भरतो, पितो, आटवतो, जो बसेल तो. याला म्हणायचं संकल्पना नकाशा. शिक्षकाचा एक मूळ नकाशा कॉम्प्युटरच्या पोटात असणार. मूळ नकाशातल्या एकूण रेघांपैकी मुलाच्या जितक्या जुळल्या, त्या हिशेबानं शंभरपैकी गुण.

"पाठांतरानं यात काही साधत नाही," मॅडम म्हणाल्या. "मुलाच्या डोक्यात कशाचं कशाशी नातं आहे, तेच इथं दिसतं."

शेटे सरांच्या अंगावर काटा आला. एकतीस वर्षं त्यांना हेच तर बघायचं होतं!

अट एकच होती. एप्रिलमध्ये नववीच्या वर्गाची सरासरी साठ टक्के आली, तर दहाही कॉम्प्युटर शाळेला कायमचे. साठच्या खाली आली, तर गाडी येणार आणि ते मांजरसुंब्याकडच्या दुसऱ्या शाळेला नेऊन देणार. सरांना निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. शाळेत आपल्या हातानं एक तरी वस्तू आणून ठेवावी आणि मग घरी जावं, अशी त्यांची लई दिवसांची इच्छा, आणि इथं एकदम दहा वस्तू टेबलावर मांडून ठेवलेल्या. जाता-येता ते त्यांच्यावरची धूळ रुमालानं पुसायचे.

मूळ नकाशा सरांनीच केला. विषय पाणी. तीन रविवार बसून अठरा शब्द आणि वीस रेघा पक्क्या केल्या. मॅडमनी, तुमच्या भागातले शब्दही घाला, असं सांगितलं होतं. म्हणून सरांनी ऊस, टँकर, आड आणि बोअर हेही चौकटीत बसवले. बोअरला भूजलाकडं जाणारी एक रेघ दिली. बाकीचे तिघं शोभेला.

आता पुढची चूक ऐका. असली चूक आमच्याकडंच होते. नकाशा कसा काढतात ते पोरांना दाखवायला हवं, म्हणून सरांनी फळ्यावर एक नकाशा काढला. कोणता? सरांकडं नकाशा होताच एक. पोरांनी तो वहीत उतरवून घेतला. आणि फळ्यावरचं जे वहीत उतरलं ते पाठ करायचं असतं, हे आमच्या पोरांना कुणी सांगावं लागत नाही. तेवढ्यात मुख्याध्यापक गहिनीनाथ तांदळे व्हरांड्यातून चालले होते, ते खिडकीत थांबले.

"सर, हाच का तो?"

"हाच. पण सर, मॅडम म्हणाल्या की पाठांतरानं..."

"मॅडम गेल्या पुण्याला. साठ टक्क्याचा सवाल हाय. प्रार्थना झाली की रोज म्हणून घ्या."

दुसऱ्या दिवसापासून प्रार्थनेनंतर नकाशा सुरू झाला, पाढ्यांच्या चालीवर. "सूर्य तापवतो समुद्र! समुद्र देतो वाफ! वाफ बनते ढग!" अशा वीस ओळी. शिपाई बंकट घंटा देता देता म्हणायला लागला. सरांना दोन दिवस कसंतरी झालं. तिसऱ्या दिवशी तेच टेबलावर डस्टर आपटून ताल धरत होते.

एप्रिल आला. नववीत चाळीस पोरं. एकोणचाळीस जणांनी कॉम्प्युटरपुढं बसून ओठ हलवत वीस-वीस रेघा ओढल्या आणि एकोणचाळीस जणांना शंभरपैकी शंभर पडले. तांदळे सरांनी बंकटला पेढ्यांसाठी पिटाळलं.

चाळिसावी साखरा. धोंडीराम केकाण यांची पोरगी. आई-बाप ऊसतोडीला गेले होते आणि तिथं कारखान्याच्या तळावर पाचटानं शाकारलेल्या कोपीत ही जन्मली, म्हणून मुकादमानं नाव ठेवलं साखराबाई. दसऱ्यानंतर ती आई-बापाबरोबर जायची ती एप्रिलातच उगवायची. या सालीही परीक्षेच्या तीन दिवस आधी गावात आली. म्हणजे तो पाढा तिच्या कानावरच पडला नव्हता. उसाच्या पाल्यानं कापलेली बोटं तिनं माउसवर ठेवली, थोडी घुटमळली, आणि मग अर्धा तास मान वर केली नाही. तिनंही वीसच रेघा ओढल्या. सहा जुळल्या. कॉम्प्युटरनं तीस गुण दिले. पास व्हायला पस्तीस लागत होते. हे गुण विज्ञानाच्या वार्षिक निकालात धरायचं ठरलं होतं. नापास झाली, की धोंडीराम पुढच्या वर्षी तिला शाळेत ठेवणार नव्हता. त्यानं तसं साफ सांगून ठेवलं होतं.

संस्थेचा एक नियम होता. पस्तिसाच्या खाली जो जाईल, त्याचा नकाशा शिक्षकानं स्वतः बघायचा. न जुळलेली एखादी रेघ खरी निघाली तर ती मूळ नकाशात घालायची आणि बटण दाबायचं. मग कॉम्प्युटर सगळ्यांचे गुण नव्यानं मोजणार. सरांनी साखराला शेजारच्या स्टुलावर बसवलं आणि चौदा रेघा एकेक करून तपासायला घेतल्या.

"टँकर भरतो आड?" सर हसले. "अगं, आड पावसानं भरतो."

"भरत आसंल सर. आमच्या वस्तीवर टँकरच भरतो. येतो, आडात पाइप सोडतो आन मोकळा होतो. मग बाया शेंदून घेत्यात."

मागच्या उन्हाळ्यात त्यांनी स्वतः बघितलं होतं ते. रेघ घेतली.

"ऊस पितो विहीर?"

"मंग कोण पितो?"

रेघ घेतली. धरण भरतं टँकर, घेतली. वीज चालवते बोअर, घेतली. झाड धरतं माती ही तर सरांनी स्वतःच्या नकाशात घालायला हवी होती. ती घेताना त्यांचे कान तापले. समुद्राची चौकट तिनं एका बाजूला मोकळीच सोडली होती.

"हा समुद्र कावून सोडलास?"

"म्या पाह्यला न्हाई सर."

असं करत तेरा रेघा खऱ्या निघाल्या. चौदाव्या रेघेवर सर अडकले. बोअर आटवतो आड.

"कुणाचा बोअर?" सरांनी विचारलं. विज्ञानात असा प्रश्न विचारायचा नसतो, हे त्यांना विचारल्यावर कळलं.

साखरानं खाली बघितलं. तिची वस्ती सरांच्या रानाच्या बांधापलीकडं होती.

"मी बघतो," सर म्हणाले. "जा तू."

ती गेली आणि तांदळे सर पाटावर बसावं तसे त्याच स्टुलावर येऊन बसले. हिशेबाला माणूस पक्का. त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. मूळ नकाशाच्या वीस रेघा. तेरा वाढल्या तर तेहतीस. पोरांच्या जुळतात वीस, म्हणजे साठ पूर्णांक सहा. साखराच्या एकोणीस, म्हणजे साडेसत्तावन्न. पोरगी पास, सरासरी साठच्या वर, कॉम्प्युटर शाळेत.

"आन चौदा वाढल्या तर?" सर म्हणाले.

"चौतीसात वीस. एकोणसाठ. सगळी पोरं एकोणसाठ. कॉम्प्युटर गेले." तांदळे सरांनी पेनाचं टोपण लावलं. "एका रेघेचा सवाल हाय, शेटे सर. ती काय शास्त्रात लिव्हलेली रेघ हाय का? तीनशे फुटावरचं पाणी येगळं, चाळीस फुटावरचं येगळं."

सरांना हे पटलं. पटावं असं त्यांना फार वाटत होतं, म्हणूनही पटलं असेल. घरी येऊन ते जेवले आणि पडले. पण पडल्या पडल्या एक गोष्ट डोक्यातून जाईना. त्यांच्या बोअरला पाणी लागलं त्याच उन्हाळ्यात वस्तीवरचा आड गेला होता. तेव्हा सर सगळ्यांना सांगत फिरले होते, की यंदा पाऊसमान कमी, त्याला कोण काय करणार.

सकाळी ते लुना घेऊन वस्तीवर गेले. साखराची आई सुंदरबाई दारात भाकरीचं पीठ मळत होती. तिनं डोईवरचा पदर सारखा केला.

"सर, पोरगी नापास झाली का?"

"न्हाई न्हाई. मी आडाचं विचारायला आलतो. आड कधी आटला, सुंदरबाई?"

बाईनं पिठाकडं बघितलं, सरांकडं बघितलं. भांडायचं तिच्या मनात नव्हतं. सर तिच्या पोरीचे मास्तर होते. "तुमच्या रानात मोटार सुरू झाली बगा सर, त्या चैतात," ती म्हणाली. "आधी बारा हात पानी ऱ्हायाचं."

"मग मला कुणी बोललं कसं न्हाई?"

"काय बोलावं सर? तुमी तर पेढे दिलते आमाला."

सर तिथून निघाले ते थेट रानात गेले आणि बोअरच्या पेटीचा खटका त्यांनी खाली ओढला. वस्तीवर परत येताना दुकानातून रुद्रेशकडून सुताड्याची लांब दोरी घेतली, हाताहातावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला आणि आडात सोडला. दगड तळाला जाऊन टेकला. वर काढला तर शेवटची वीतभर दोरी ओली होती. सरांनी वहीत लिहिलं. वार, वेळ, पाणी एक वीत. त्या आठवड्यात टँकर येणार नाही, याची चौकशी करून तेही लिहिलं. वस्तीवरची माणसं जमली. एक म्हातारा म्हणाला, "सर, काही पडलं का आडात?"

"प्रयोग चालू हाय," सर म्हणाले. हे वाक्य ते जन्मात पहिल्यांदाच बोलत होते.

चार दिवस बोअर बंद राहिला. एप्रिलचं ऊन, मोसंबीनं माना टाकल्या. दानम्मानं पहिल्या दिवशी विचारलं, दुसऱ्या दिवशी आदळआपट केली, तिसऱ्या दिवशी अबोला धरला, आणि चौथ्या दिवशी कमरेला पदर खोचून दारात उभ्या राहिल्या. "अवो, तुमाला झालंय तरी काय? बाग वाळून कोळ झाली! निवृत्तीला एक साल ऱ्हायलं आन आता कशाचे प्रयोग करता?"

"आधी साहित्य नव्हतं," सर म्हणाले.

"आता कुठलं आलं?"

सरांनी सुताडा दाखवला. दानम्मानं कपाळावर हात मारून घेतला.

पाचव्या दिवशी सकाळी दगड आडात सोडला आणि वर ओढला. दोन गाठी भिजल्या होत्या. दोन हात पाणी. सरांनी पुन्हा सोडला, पुन्हा ओढला. दोन हातच. मग बोअर सुरू केला, दोन दिवस चालवला आणि परत मोजलं. परत एक वीत. आता मात्र सर आडाच्या कठड्यावर बसले. तीन वर्षं इथल्या बाया टँकरची वाट बघत उन्हात उभ्या होत्या आणि पलीकडं ते स्वतः मोसंबीला पाणी धरून पोरांना भूजल शिकवत होते. त्यांना लाज वाटली. अशी लाज, की जमलेल्या माणसांकडं त्यांना बघवेना. वहीत त्यांनी आकडे तेवढे नीट लिहिले.

शाळेत तांदळे सर वाटच बघत होते. "ठरलं ना? तेराच."

"चौदा," शेटे सर म्हणाले.

"अवो सर! तुमचाच बोअर तो. तुमीच तुमच्या नावानं बोंब मारता का? आन पोरांचं काय? दहा कॉम्प्युटर परत येणार हायत का जन्मात? एक रेघ!"

शेटे सरांच्या डोळ्यांपुढून दहा कॉम्प्युटर जात होते. एकतीस अर्जांनंतर आलेले. रेघ सोडली तर कुणाला कळणार नव्हतं. पोरगी तर पास होतच होती.

"मोजलंय मी," ते म्हणाले. एवढंच म्हणाले, कारण पुढं बोलले असते तर बेत फिरला असता. चौदा रेघा घातल्या आणि बटण दाबलं.

कॉम्प्युटर थोडा वेळ घरघरला. मग नावांपुढं आकडे यायला लागले. एकोणसाठ. एकोणसाठ. एकोणसाठ. चाळीस नावं, चाळीस एकोणसाठ. साखरालाही तेवढेच. बंकटनं पडद्यात वाकून बघितलं आणि म्हणाला, "बिघडलं का हो हे?"

आठ दिवसांनी राजनंदिनी मॅडम आल्या. त्यांनी एकोणचाळीस सारखे नकाशे एकापाठोपाठ एक बघितले. एका चौकटीचाही फरक नव्हता. "तुमच्या मुलांचे विचार फारच जुळतात हो," त्या म्हणाल्या. तांदळे सर म्हणाले, "शिस्त हाय शाळेला." मग मॅडमनी चाळिसावा नकाशा बघितला आणि तो बराच वेळ बघत राहिल्या. त्याची एक प्रत काढून त्यांनी पर्समध्ये ठेवली. पण आकडा एकोणसाठचा होता आणि नियम साठचा. गाडी भरली. शेटे सरांनी दहाव्या कॉम्प्युटरवरची धूळ पुसली आणि तो उचलू लागले, तर बंकट म्हणाला, "ऱ्हाऊ द्या सर, म्या घेतो."

गावात सरांचं नाव खराब झालं ते झालंच. एका रेघेसाठी दहा कॉम्प्युटर घालवणारा मास्तर, असं बाजारात लोक बोट दाखवून सांगायचे. तांदळे सर दोन महिने त्यांच्याशी कामापुरतं बोलले. रुद्रेश म्हणाला, "दादा, तुमी दुकानात बसला न्हाईत तेच बरं झालं."

मे महिन्यात सरांनी बोअरपासून बांध ओलांडून वस्तीच्या आडापर्यंत पाइप टाकला. दिवसाआड वीज आली की आधी आडात पाणी सोडायचं, मग मोसंबीला. दोनशेपैकी साठेक झाडं गेली. दानम्मा चार दिवस रडल्या, पाचव्या दिवशी स्वतः पाइप बघायला गेल्या, आणि सुंदरबाईच्या हातचा चहा पिऊन आल्या. पुढं पाणी कधी सोडायचं ते सरांना त्याच आठवण करून द्यायला लागल्या.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. साखरा दहावीत आली. धोंडीराम तिला दसऱ्यानंतर आजीजवळ ठेवायला कबूल झाला होता. सरांनी त्या दिवशी बत्तिसावा अर्ज लिहून दिला आणि वर्गात येऊन फळ्यावर खडूनं अठरा चौकटी काढल्या. चौतीस रेघा ओढल्या. प्रार्थनेत म्हणायच्या नाहीत, असं बजावलं. मग साखराच्या चौदाव्या रेघेशी येऊन ते थांबले. बोअर आटवतो आड. आता पाइप होता. आता आडात पाणी होतं. सरांनी डस्टर उचलला.

"सर!" मागच्या बाकावरून साखरा उठली. "ती कावून पुसता?"

"अगं, आता बोअर भरतो आड. तूच पाणी भरतीस की तिथं."

"भरतो की. पर आटवला बी त्यानंच." तिनं फळ्याकडं बोट केलं. "ती ऱ्हाऊ द्या सर. शेजारी दुसरी काढा."

सरांच्या हातात डस्टर तसाच होता. मग त्यांनी तो खाली ठेवला, खडू घेतला, आणि त्याच दोन चौकटींमध्ये जुन्या रेघेला चिकटून दुसरी रेघ ओढली.